घरातील इंटरनेट वाटून घेताना : अडचण नेमकी कोठे असते?



चाकूर आणि परिसरातील कुटुंबांची कितीतरी महत्त्वाची कामे आता इंटरनेटवाचून होत नाहीत. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती, पीक विम्याची नोंदणी, तसेच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही सर्व कामे मोबाइल फोनवर किंवा संगणकावर करावी लागतात. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तर घरातील एका मुलाचे वा मुलीचे पुढील शिक्षण वेळेत भरलेल्या एखाद्या अर्जावर अवलंबून असते. या प्रत्येक कामाला शेवटची तारीख असते, आणि ती कोणासाठी थांबत नाही.

बहुतेक घरांत इंटरनेटची जोडणी मात्र एकच असते. ती वडिलांच्या फोनमधील रिचार्ज असेल किंवा भिंतीवर बसवलेली फायबरची पेटी असेल. तिच्यावर दोन-तीन फोन, एखादा लॅपटॉप आणि कधी दूरदर्शन संचही चालवायचा असतो. जोडणी अडली की घरात एकच वाक्य ऐकू येते, 'नेट गेले.' मग कोणी राऊटर बंद-चालू करतो, कोणी दुसरे रिचार्ज मारतो, तर कोणी नवा राऊटर विकत आणतो. चालू असलेला एकच फोन उरला, तर तो कोणाच्या हाती द्यावयाचा हा प्रश्न येतो. आणि अशा वेळी बहुधा घरातील मुलीलाच थांबावे लागते, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

'नेट गेले' या एका वाक्यामागे अगदी वेगवेगळे दोष दडलेले असतात. त्यांपैकी पुष्कळसे घरच्या घरी, एक रुपयाही खर्च न करता दूर होतात. त्यासाठी दोष कोठे आहे हे आधी ओळखावे लागते. ते कसे ओळखावे, याची माहिती आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत.

थोडी पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेला घरातील एकच संगणक जोडला जाई, त्यामुळे वाटून घेण्याचा प्रश्न उद्भवत नसे. पुढे बिनतारी राऊटर आले. ते ज्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात, त्या लहरी वापरण्यासाठी भारतात परवान्याची आवश्यकता नाही, असा नियम जानेवारी २००५ मध्ये झाला. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची फोर-जी सेवा सुरू झाली, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि खेडोपाडी फोन हेच इंटरनेटचे मुख्य साधन बनले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा शाळेचा वर्ग आणि रविवारचा मिस्सा हे दोन्ही घरातील त्याच एका फोनवर आले. एका फोनचे इंटरनेट दुसऱ्या फोनला देणे, म्हणजे हॉटस्पॉट लावणे, अनेकांनी त्या दिवसांत प्रथमच शिकून घेतले. आता फायबरही पुष्कळ घरांत आले आहे. साधने वाढली, पण त्यांचा मार्ग कसा असतो हे मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही.

मार्गाचे तीन टप्पे

नळाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. नगरपंचायतीच्या जलवाहिनीतून पाणी घरापर्यंत येते, तेथे टाकीत साठते आणि टाकीतून निरनिराळ्या नळांना जाते. स्वयंपाकघरातील नळाला पाणी येत नसेल, तर जलवाहिनी कोरडी असेल, टाकीची चावी बंद असेल, किंवा फक्त तोच नळ चोंदला असेल. तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

इंटरनेटचेही असेच तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा म्हणजे बाहेरून घरापर्यंत, फायबरच्या तारेतून किंवा मोबाइलच्या टॉवरवरून. दुसरा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष वाटप करणारे यंत्र. हा राऊटर असतो किंवा हॉटस्पॉट लावलेला फोन. तिसरा टप्पा म्हणजे त्या यंत्रापासून आपल्या हातातील फोन वा लॅपटॉपपर्यंत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोनच्या पडद्यावर वाय-फायचे जे पंख्यासारखे चिन्ह दिसते, ते केवळ तिसऱ्या टप्प्याची स्थिती दाखवते. ते पूर्ण भरलेले असले, तरी बाहेरून घरापर्यंत इंटरनेट येत आहे असा त्याचा अर्थ होत नाही. 'रेंज पूर्ण आहे, मग नेट का नाही?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत सापडते.

दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे तीन साध्या परीक्षांनी कळते. परीक्षा करताना फोनमधील मोबाइल डेटा बंद ठेवावा. अन्यथा वाय-फाय अडल्यावर अनेक फोन आपोआप मोबाइल डेटावर जातात आणि आपली दिशाभूल होते.

१. घरातील दुसऱ्या उपकरणावर इंटरनेट चालते का, ते पाहावे. दुसऱ्यावर चालत असेल, तर दोष फक्त आपल्या उपकरणात किंवा त्याच्या जागेत आहे.

२. फोन घेऊन राऊटरच्या अगदी जवळ जावे. तेथे सुरळीत चालत असेल, तर अंतर व भिंती हेच कारण आहे.

३. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर चार अंकगटांचा एक पत्ता छापलेला असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. हे अंक इंग्रजीत ब्राउझरमध्ये लिहावेत. राऊटरचे पान उघडले, पण अन्य कोणतेही संकेतस्थळ उघडत नसेल, तर आपला फोन राऊटरपर्यंत नीट पोहोचत आहे आणि दोष त्याच्या पलीकडे आहे, असे समजावे.

पहिला टप्पा : बाहेरून घरापर्यंत

फायबरच्या पेटीवरील दिवे पाहावयाची सवय लावून घ्यावी. 'पीओएन' या इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा हिरवा व स्थिर असेल, तर तारेतून प्रकाश येत आहे आणि कंपनीच्या केंद्राशी संपर्क झाला आहे. तोच दिवा सतत लुकलुकत असेल, तर पेटी संपर्काचा प्रयत्न करीत आहे, पण तो पूर्ण झालेला नाही. 'एलओएस' या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाश येत नाही. अशा वेळी पेटी कितीही वेळा बंद-चालू केली, तरी उपयोग होत नाही. तार कोठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे, आणि तक्रार नोंदवणे हाच मार्ग उरतो.

ऑप्टिकल फायबर ही केसाएवढी बारीक काच असते. तिच्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. तार खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली, दाराच्या फटीत चेपली किंवा लोखंडी कपाटामागे दाबली गेली, की वळणातून प्रकाश बाहेर गळतो आणि जोडणी मंद होते वा तुटते. म्हणून उरलेली तार मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवावी. तुटलेले टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नसला, तरी तो डोळ्यांस अपाय करू शकतो. काचेचा कणही बोटात रुतू शकतो. लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

रस्त्याची खोदाई, खांब बदलणे, उंच भरलेली ट्रॉली तारेत अडकणे या कारणांनीही जोडणी तुटते. एलओएसचा दिवा लाल असेल, तर शेजारच्या घरीही विचारावे. सर्वांचीच जोडणी गेली असेल, तर दोष गल्लीबाहेरचा आहे, हे तक्रार करताना आवर्जून सांगावे.

दिवे योग्य असूनही इंटरनेट नसेल, तर मासिक देयकाची मुदत संपली आहे का, ते पाहावे. हे कारण क्षुल्लक वाटते, पण नेहमी आढळते.

मोबाइलच्या बाबतीत पहिला टप्पा म्हणजे टॉवरची रेंज आणि शिल्लक डेटा. अनेक रिचार्ज योजनांत दिवसाला १.५ किंवा २ जीबी डेटा मिळतो आणि तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरवला जातो. या वेगाने २ एमबी आकाराचे एक छायाचित्र पाठवण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. अर्जासोबत छायाचित्र, स्वाक्षरी आणि गुणपत्रिका जोडावयाची असेल, तर मध्येच मुदत संपून पान बंद पडते. त्या वेळी फोनमध्ये बिघाड नसतो. दिवसाचा डेटा संपलेला असतो. तो साधारणतः मध्यरात्रीनंतर पुन्हा मिळतो, अथवा छोटे डेटा-रिचार्ज करून काम पूर्ण करता येते.

दुसरा टप्पा : वाटप करणारे यंत्र

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला एक अंकीय पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते जगभरात सुमारे ४२९ कोटीच असू शकतात. फोन आणि संगणकांची संख्या पाहता ते अपुरे पडणार हे उघड होते, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून झाले. त्यापूर्वीच, १९९० च्या दशकात, घरे व कार्यालये यांच्या अंतर्गत वापरासाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत.

राऊटरचे कार्य एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकासारखे असते. बाहेरच्या जगाला वसतिगृहाचा एकच टपाली पत्ता ठाऊक असतो. आलेली पत्रे कोणत्या खोलीतील कोणत्या मुलाची आहेत, हे अधीक्षक पाहतो व ती पोहोचवतो. राऊटरही घरातील प्रत्येक उपकरणाला एक खोली क्रमांक देतो आणि बाहेरून आलेली माहिती त्या त्या उपकरणाकडे पाठवतो. ही व्यवस्था बिघडली, की पुढील अडचणी उद्भवतात.

उपकरणाला क्रमांकच मिळत नाही. लॅपटॉपवर वाय-फायच्या तपशिलात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राऊटरने त्याला क्रमांक दिलेला नाही, असे समजावे. लॅपटॉपमधून ते वाय-फाय 'विसरा' असा आदेश द्यावा आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडावे. त्याने न भागल्यास राऊटर पुन्हा सुरू करावा.

राऊटर पुन्हा सुरू करण्याचाही एक क्रम आहे. सर्व काही बंद करून अर्धा मिनिट थांबावे. प्रथम फायबरची पेटी सुरू करावी व तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत. राऊटर वेगळा असेल, तर तो त्यानंतर सुरू करावा आणि शेवटी फोन व लॅपटॉप जोडावेत. राऊटरच्या मागे सुई जाईल एवढे एक छिद्र असते, ते मात्र दाबू नये. त्याने राऊटर केवळ पुन्हा सुरू होत नाही, तर त्यातील सर्व नोंदी पुसल्या जातात. कंपनीने घातलेले सांकेतिक नाव व पासवर्डही त्यात जातात आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत जोडणी बंद राहते.

घरात दोन राऊटर होतात. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून पुष्कळजण दुसरा राऊटर आणून पहिल्याला जोडतात. आता वसतिगृहात दोन अधीक्षक झाले! दोघेही आपापले क्रमांक वाटू लागतात. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असेल, तर गोंधळ वाढतो. कधी इंटरनेट चालते, कधी नाही. एका खोलीतील फोनला दुसऱ्या खोलीतील प्रिंटर दिसत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'एक्सेस पॉइंट' असा पर्याय असल्यास तो निवडावा. मग तो क्रमांक न वाटता केवळ पहिल्याची सेवा पुढे पोहोचवतो.

काही गोष्टी चालतात, काही चालत नाहीत. व्हॉट्सॲपवर संदेश येतात, पण संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता शोधणारी डीएनएस ही सेवा अडलेली असू शकते. राऊटर पुन्हा सुरू केल्याने हे बहुधा सुटते. केवळ जुन्या लॅपटॉपवरच 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येत असेल, तर त्याचे घड्याळ पाहावे. आतील छोटा सेल संपल्याने तारीख कित्येक वर्षे मागे गेली, की संकेतस्थळांचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. तारीख दुरुस्त करताच काम सुरू होते.

तिसरा टप्पा : राऊटरपासून हातातील उपकरणापर्यंत

मराठवाड्यातील घरांची बांधणी या टप्प्यात फार महत्त्वाची ठरते. जुन्या माळवदी घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात आणि वर मातीचा थर असतो. उन्हाळ्यात हेच घर गारवा देते, पण वाय-फायच्या लहरी त्यात शोषल्या जातात. पत्र्याच्या घरात निराळी गंमत होते. पत्रा लहरींना परतवतो, म्हणून पत्र्याच्या आड ठेवलेल्या राऊटरची रेंज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. सिमेंटच्या छतातील लोखंडी सळ्या, आरसा लावलेले लोखंडी कपाट आणि पाण्याने भरलेली टाकी हेही मोठे अडथळे होत.

आधुनिक राऊटर दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते. त्या भिंतीतून तुलनेने चांगल्या जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ५ ते ६ सेंटीमीटरच्या असतात. त्या वेगवान असतात, पण जाड भिंतीपुढे थकतात. राऊटर आहे त्याच खोलीत बसून वर्ग ऐकावयाचा असेल, तर ५ गिगाहर्ट्झ निवडावे. ओसरीत किंवा मागच्या खोलीत बसावयाचे असेल, तर २.४ घ्यावे. अनेक जुने फोन ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. 'नव्या फोनला वाय-फाय दिसते, जुन्याला दिसत नाही' या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

राऊटर घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर, उघड्या जागी ठेवावा. तो कपाटात, दूरदर्शन संचाच्या मागे किंवा मायक्रोवेव्ह भट्टीच्या शेजारी ठेवू नये. ती भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरच चालते. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांच्या लहरींत मिसळतात. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे, कारण ही तीन एकमेकांवर चढत नाहीत.

महत्त्वाच्या कामाच्या दिवशी लॅपटॉप तारेने राऊटरला जोडणे सर्वांत खात्रीचे. ही लॅनची तार १०० मीटरपर्यंत चालते आणि भिंतीचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. जाड भिंतींच्या घरात महागडा राऊटर घेण्यापेक्षा एक तार मागच्या खोलीत नेणे अधिक उपयोगी पडते.

फोनचा हॉटस्पॉट

फायबर नसलेल्या घरांत, तसेच नळेगाव किंवा वडवळ नागनाथच्या शिवारातील आखाड्यावर हॉटस्पॉट हाच आधार असतो. त्यातील नेहमीच्या अडचणी आम्ही क्रमाने देत आहोत.

फोनची जागा : हॉटस्पॉट देणारा फोन जेथे टॉवरची रेंज चांगली येते तेथे, म्हणजे खिडकीत किंवा माडीवर ठेवावा. लॅपटॉपशेजारी ठेवण्याच्या हट्टाने फोन अंधाऱ्या खोलीत नेला, तर लॅपटॉपवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, पण इंटरनेट येत नाही.

डेटा सेव्हर व बॅटरी सेव्हर : अँड्रॉइड फोनमध्ये डेटा सेव्हर चालू असेल, तर हॉटस्पॉट लागत नाही. काही वेळ कोणी जोडलेले नसले, की हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याचीही सोय असते. ती सेटिंगमधून काढता येते.

दोन सिमचे फोन : अशा बहुतेक फोनमध्ये एका सिमवर इंटरनेट चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला, की बोलणे संपेपर्यंत इंटरनेट थांबते. ऑनलाइन परीक्षा चालू असेल, तर दुसरे सिम तेवढा वेळ बंद ठेवावे.

यूएसबी तार : चार्जरच्या तारेने फोन लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू केल्यास जोडणी अधिक स्थिर राहते आणि फोन चार्जही होत राहतो. पण काही स्वस्त तारा केवळ चार्जिंगसाठी असतात, त्यांतून माहिती जात नाही. फोन चार्ज होतो, पण टेदरिंगचा पर्याय फिकट दिसतो, असे झाल्यास तार बदलून पाहावी.

लॅपटॉपची भूक : लॅपटॉप हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायसारखेच अमर्याद समजतो आणि मागच्या मागे स्वतःची अद्ययावत आवृत्ती उतरवू लागतो. दिवसाचा १.५ जीबी डेटा अर्ध्या तासात संपण्याचे हे मोठे कारण आहे. विंडोजमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीसाठी 'मीटर्ड' हा पर्याय निवडावा, म्हणजे अशी बरीचशी उतरवणी थांबते.

उष्णता : एप्रिल-मे महिन्यांत चार्जिंगला लावलेला, हॉटस्पॉट चालू असलेला आणि पत्र्याखाली ठेवलेला फोन तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो वा हॉटस्पॉट बंद करतो. त्यास सावलीत व हवेशीर ठेवावे.

वीज गेल्यावर

लाइट गेली की फायबरची पेटी व राऊटर दोन्ही बंद पडतात. हे यंत्र सामान्यतः १२ व्होल्टवर चालते आणि फारच थोडी वीज घेते. राऊटरसाठी मिळणारे लहान यूपीएस किंवा घरातील इन्व्हर्टर त्यास पुरते. नवा अडॅप्टर घेताना जुन्यावर छापलेला व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. ॲम्पिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा. दुसऱ्याच यंत्राचा अडॅप्टर केवळ पिन बसते म्हणून लावल्यास राऊटर जळू शकतो. पेटीचे दिवे लागतात, पण ती दर थोड्या वेळाने आपोआप बंद-चालू होते, असे दिसल्यास कमकुवत झालेल्या अडॅप्टरचा संशय घ्यावा.

पासवर्डची जबाबदारी

शेजारधर्म म्हणून आपण इंटरनेट देतो, त्यात वावगे काही नाही. परंतु पासवर्ड नसलेले वाय-फाय ठेवणे धोक्याचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा जो ई-मेल गेला, त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते आणि अन्य कोणीतरी त्याचा वापर केला होता. गुन्ह्याशी काही संबंध नसताना त्याला चौकशीस तोंड द्यावे लागले. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, असे आम्ही वर म्हटले आहे. त्याचा हा दुसरा अर्थ होय. आपल्या जोडणीवरून कोणी काही केले, तरी प्रथम विचारणा आपल्याकडेच होते.

यास्तव राऊटरवर डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हा सुरक्षा-प्रकार निवडावा आणि किमान १२ अक्षरांचा पासवर्ड ठेवावा. गावाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा १२३४५६७८ हे पासवर्ड नसावेत. राऊटरच्या सेटिंगचे पान उघडण्यासाठीही एक वेगळा पासवर्ड असतो. तो कारखान्यातून आला तसाच ठेवू नये. पाहुण्यांसाठी अनेक राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. ते दिल्यास आपला मुख्य पासवर्ड सांगावा लागत नाही.

तक्रार करताना

दोष पहिल्या टप्प्यात आहे अशी खात्री झाली, की तक्रार नोंदवावी. मोबाइल सेवेसाठी १९८ हा तक्रार क्रमांक आहे. फायबरसाठी कंपनीने दिलेला क्रमांक वापरावा. 'नेट चालत नाही' एवढेच न सांगता 'एलओएसचा दिवा सकाळपासून लाल आहे, शेजारीही बंद आहे', किंवा 'पीओएन हिरवा आहे, राऊटरचे पान उघडते, पण बाहेरचे काहीच उघडत नाही', असे सांगावे. त्यामुळे योग्य तंत्रज्ञ योग्य साहित्य घेऊन येतो. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. दिलेल्या मुदतीत निवारण झाले नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. फोनवरून कोणी 'जोडणी दुरुस्त करतो' असे सांगून ओटीपी मागितला, किंवा एखादे ॲप उतरवण्यास सांगितले, तर तसे मुळीच करू नये.

घरात एवढे करावे

शेवटी आम्ही वाचकांना काही सूचना करू इच्छितो. राऊटरचा पत्ता, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी आणि मुदत संपण्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद पेटीजवळ चिकटवावा. वाय-फायचा पासवर्ड मात्र वहीत वेगळा ठेवावा. अर्ज भरण्याचे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नये, कारण त्या रात्री संकेतस्थळावरही गर्दी असते आणि आपल्या घरातील दोष शोधण्यास वेळ उरत नाही. परीक्षा किंवा अर्ज असेल त्या दिवशी चित्रपट व खेळ थोडा वेळ बंद ठेवावेत, आणि ज्याचे काम त्या दिवशी सर्वांत निकडीचे, त्यास जोडणी प्रथम द्यावी. मग तो मुलगा असो वा मुलगी.

तीन टप्पे व तीन परीक्षा घरातील एकालाच ठाऊक असून भागणार नाही. तो कामासाठी बाहेरगावी गेला, की घर पुन्हा अडते. जो हे शिकेल त्याने आईला, आजीला व धाकट्या भावंडांना पेटीवरील दिव्यांचा अर्थ समजावून सांगावा. आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी एखाद्या रविवारी असे मार्गदर्शन आयोजित केल्यास अनेक कुटुंबांची सोय होईल, असे आम्हांस वाटते.